हाकेला पुरणारं नाव

धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत मूल जन्माला आलं की त्याचं नाव आधी कारखान्याच्या दारात नेऊन बघत. रास, आद्याक्षर, वाडवडिलांची आठवण, हे ज्याचं त्यानं घरी बघावं. पण नाव पक्कं व्हायचं ते कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात. बाळाची आत्या पुढच्या दारात उभी राहायची आणि राघो जॉबर आतल्या टोकाला, शेवटच्या लूमपाशी, दाराकडे पाठ करून. नाव काय ठरलंय हे त्याला आधी कुणी सांगायचं नाही. आत्यानं हाक मारायची. राघो वळला तर नाव पोचलं. नाही वळला तर घरच्यांनी दुसरं शोधायचं.

बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटे. गल्लीला वाटत नसे. बाया कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला, पुरुष लूमवर, आणि रांगती-धावती पोरं या सगळ्यांच्या पायात. एखादं पोर मोटरच्या फिरत्या पट्ट्याकडे निघालं की आईचा हात पोचायच्या आत तिची हाक पोचायला हवी. म्हणून नाव कसं, तर हाकेला पुरलं पाहिजे. अर्थ कितीही गोड असू दे, खडखडाटात विरघळणारं नाव त्या गल्लीत टिकलं नाही.

धम्मदिनाला हे सगळं आठवत होतं ते बाळाला पाजता पाजता. माहेरी बाळंतपणाला आल्यापासून तिचे दिवस असेच तुकड्यातुकड्यांनी जात. बाळ झोपलं की जरा पाठ टेकायची, तेवढ्यात लंगोट बदलायचा, आणि त्या दोहोंच्या मधे जी काही फट मिळेल तिच्यात लहानपण शिरून बसायचं. खिडकीखालून रिक्षावाले ओरडत, ‘कल्याण, कल्याण’ करत. पूर्वी या खिडकीतून ते ऐकूच यायचं नाही. पूर्वी फक्त लूम ऐकू यायचे. आता गल्लीतले बरेच कारखाने बंद पडले होते; कुठं लोखंड भंगारात गेलं, कुठं पोत्यांचं गोडाऊन झालं. एकटा सलामतचाचांचा कारखाना चालू होता, कोपऱ्यावरचा. दुपारी गल्ली शांत झाली की त्याची खटखट ऐकू यायची आणि धम्मदिनाला बरं वाटायचं.

राघो जॉबर म्हणजे तिचे आबा. लूम बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. गल्लीतल्या निम्म्या पोरांना नावंही त्यांनीच सुचवली; चार-पाच सांगून ठेवत, त्यातलं कुठलं ठरलं ते हाक येईपर्यंत त्यांनाही कळत नसे. पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, विहारात भन्तेजी जुन्या भिक्खुणींच्या गोष्टी सांगत. आबा दिवसभराचे तेलाचे हात धुऊन पहिल्या रांगेत जाऊन बसत आणि नावं डोक्यात भरून आणत. पलीकडच्या घरातली सीहा त्यांचीच. सीहा म्हणजे सिंहीण. तिची धाकटी मेत्ता. मेत्ता म्हणजे सगळ्या जिवांविषयीची माया. पण ती लहानपणी इतकी चावायची की त्यांची आई आबांना म्हणायची, ‘दोघींची नावं अदलाबदल झाली काय ओ?’

समोरच्या विनिताकाकू आगरी. त्यांच्याकडे मुलगा झाला तेव्हा त्यांच्या नणंदेनं मोठ्या हौसेनं ‘ऋत्विज’ नाव काढलं होतं. धम्मदिना तेव्हा शाळेत जायची. कारखान्याच्या दारात सगळी गल्ली जमली होती आणि नणंद बिचारी हाका मारून मारून लाल झाली, पण आबांची पाठ काही हलेना. शेवटी सलामतचाचा लूम सोडून दाराशी आले आणि म्हणाले, “बेटी, ये नाम बैठ के बोलने का है. खड़े होके दूसरा बोल.” मग पोराचं नाव प्रितेश झालं. प्रितेश अजूनही सांगत फिरतो की मी पहिल्या नावात नापास झालो होतो.

आणि तिचं स्वतःचं नाव. धम्मदिना, धम्मानं दिलेली. ऐकून सगळ्यांनी नाकं मुरडली होती म्हणे. एवढ्याशा जिवाला एवढं वजनदार नाव? आत्यानं दारातून हाक मारली, तेव्हा आबा तर वळलेच, पण वाटेतले चारही विणकर वळले. आई हे सांगताना दर वेळी एक विणकर वाढवायची.

‘खेमा’ हे नाव मात्र आबांनी कुणाला दिलं नव्हतं. खेमा म्हणजे जिथं भय नाही अशी जागा, सुखरूप. कुणी विचारलं, राघोभाऊ, ते खेमा का देत न्हाय, तर म्हणत, “ते ऱ्हाऊ दे. राखलेलं हाय.” कुणासाठी राखलंय हे कधी बोलले नाहीत. धम्मदिनानं ते आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

पण आता आबांना ऐकू येत नव्हतं. ज्या आवाजात त्यांनी गल्लीभरची नावं तोलली, त्यानंच त्यांचे कान खाल्ले. मशीन आणलं होतं कानाचं. ते म्हणाले, यात भांडी पडल्यासारखं वाटतं, आणि ते कपाटात गेलं. समोर बसून बोललं की त्यांना ओठांवरून सगळं कळे. कारखान्यातली माणसं तशीच बोलतात, आवाज न काढता, तोंड मोठं उघडून. पाठ फिरली की मात्र संपलं. बाळ मागं रडत असलं तरी आबा पुढं पेपर वाचत बसायचे, आणि मग वळून बघितल्यावर ओशाळून म्हणायचे, “रडत व्हती काय गं?”

सगळ्या गल्लीच्या नावात आबा होते. त्यांच्या स्वतःच्या नातीच्या नावात ते नसणार, ही गोष्ट तिच्या गळ्याखाली उतरेना.

एक दिवस काय झालं, आबा दाराकडे तोंड करून बसले होते आणि ही मागे बाळाला थोपटत सहज म्हणाली, “खेमा, ए खेमा.” आणि आबा वळले.

वळून म्हणाले, “पंखा कमी कर, पोरीला वारा लागतोय.”

पण वळले ते वळले. धम्मदिनानं ते धरून ठेवलं. आबांना बाकी काही ऐकू येवो न येवो, खेमा पोचतं.

अडचण सोनलची होती. सोनल म्हणजे तिच्या नवऱ्याची, मिथुनची थोरली बहीण, बाळाची आत्या. नाव ठेवायचा मान तिचा. नामकरण रविवारी राहनाळला सासरी होतं. वंदना, त्रिशरण, पंचशील, मग पाळणा, आणि आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं. मिथुन वळ गावच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर, त्याला विचारलं की तो म्हणायचा, “तुम्ही दोघी ठरवा, मला ड्युटीवर कळवा.”

रविवारच्या आधी सोनल स्वतःच आली. हातात बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, बाळासाठी झबली, आणि मोबाईलमध्ये नाव.

“वहिनी, किती शोधलं माहितीये? सगळी तीच तीच नावं. एका शाळेत पाच आराध्या,” ती बसता बसता म्हणाली. “मला आपल्या बाळाचं असं पाहिजे की वर्गात दुसरी नको. मग हे मिळालं. त्विषा.”

“त्विषा,” धम्मदिना म्हणाली. जिभेवर ते नीट बसेना.

“म्हणजे तेज. सूर्याचं, विजेचं, कशाचंही. मला एकदम ते आवडलं की कशाचंही.”

शांताबाई, धम्मदिनाची आई, चहा गाळता गाळता म्हणाली, “नाव चांगलं हाय गो सोनल. पण म्हणायला दात लागतील.”

“आई, तुम्हाला आहेत ना अजून?”

“पुढचे दोन हालतात.”

सोनल हसली. धम्मदिना हसली नाही. तिच्या मनात भलतंच आलं होतं, आणि ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिला आपण काय करतोय हे नीट कळलंही नव्हतं.

“सोनलताई, आमच्या गल्लीत नाव आधी कारखान्यात हाक मारून बघतात,” ती म्हणाली. “आबा वळले पाहिजेत.”

शांताबाईंनी गाळणी तशीच धरून लेकीकडे बघितलं. सोनलला या रिवाजाचं काही ठाऊक नव्हतं, आबांच्या कानांचंही. ऐकून ती उलट हरखली. “किती भारी. आज बघायचं?”

सोनल बाळाजवळ गेल्यावर आईनं स्वयंपाकघरात धम्मदिनाला गाठलं. “अगो, आबांना ऐकू येत न्हाय आणि त्यांना कारखान्यात उभं करतीस? वळनार कसे?”

“खेमाला वळतील.”

“आन् तिच्या नावाला न्हाय वळनार. म्हंजे तू तिला नापास करनार, तेही बापाच्या जिवावर.”

“आई, ते नाव आबांनी राखलंय.”

“राखलंय खरं. पण तुला तोंडानं सांगितलंय काय कधी?”

धम्मदिनानं कप बशीत ठेवले. आईनं साखर डब्यात परत ओतली, उगाच, आणि म्हणाली, “जा. कर काय करायचं ते. माझी नात मात्र आत न्यायची न्हाय, कापूस उडतो. मी मागच्या अंगणात धरून उभी ऱ्हाते.”

आबांना समोर बसवून सांगितलं तेव्हा ते काही क्षण लेकीच्या ओठांकडे बघत राहिले, वाक्य संपलं तरी. मग उठले आणि आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले.

कोपऱ्यावरच्या कारखान्यात सलामतचाचांनी त्यांना बघितलं आणि लूम चालू ठेवूनच दोन्ही हात वर केले. दोघं कितीतरी दिवसांनी इथं भेटत होते. एकमेकांच्या समोर उभे राहून ते ओठांनी काहीतरी बोलले, आवाज नाहीच, आणि चाचा हसून हसून खोकले. मग आबा चालत गेले, लूमच्या दोन रांगांमधून, हात न लावता एकेका यंत्राकडे बघत, आणि शेवटच्या लूमपाशी जाऊन दाराकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्यापुढं मागचं दार होतं, दारापलीकडं अंगण, आणि अंगणात बाळाला ओढणीत गुंडाळून शांताबाई.

धम्मदिना पुढच्या दारात सोनलच्या शेजारी उभी होती. आतून खडखडाट अंगावर येत होता, तोच जुना, छातीत वाजणारा. लहानपणी या आवाजात तिला झोप लागायची. आता तिला आपल्याच काळजाचे ठोके वेगळे ऐकू येत नव्हते.

“हाक मारू?” सोनलनं विचारलं.

“मारा.”

सोनलनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली, “त्विषा.”

शेजारी उभ्या असलेल्या धम्मदिनालाही ते अर्धंच ऐकू आलं. धोट्यांच्या खटखटीत बुडून गेलं. एकही विणकर वळला नाही. सोनलचा चेहरा पडला. तिनं पुन्हा श्वास घेतला, पुन्हा ओरडली, या वेळी मान ताणून.

आणि आबा वळले.

वळून त्यांनी हात वर केला. पोचलं.

सोनलनं टाळ्या वाजवल्या, धम्मदिनाच्या गळ्यात पडली. धम्मदिना तशीच ताठ उभी. तिनं बघितलं होतं. आबांच्या बाजूच्या लूमवर सलामतचाचा होते, दाराकडे तोंड करून. सोनलची मान ताणली तशी चाचांची हनुवटी किंचित वर गेली. आबांची मान चाचांकडे तिरकी होती; ती खूण बघूनच ते वळले होते.

ती तरातरा आत गेली. दोन रांगांमधून, ओढणी सावरत, थेट आबांच्या पुढ्यात. तोंड मोठं करून, शब्दन्‌शब्द तोडून विचारलं, “काय ऐकलंत?”

“नाव,” आबा म्हणाले.

“कुठलं नाव?”

आबांनी चाचांकडे बघितलं.

“सांगा ना. काय नाव पोचलं?”

सलामतचाचांनी मान खाली घालून तुटलेला धागा शोधायला घेतला, जो तुटलेला नव्हता. सोनल मागून आली होती. तिनं आधी आबांकडे बघितलं, मग धम्मदिनाकडे, आणि तिला सगळंच उमगलं असावं. कारण ती एकदम लहान झाल्यासारखी दिसली. पाहुणी म्हणून आलेली, लाडू घेऊन. धम्मदिनाची कानशिलं तापली. आपण कुणाला उघडं पाडलं ते तिला आता दिसत होतं, आणि त्यात आबा सगळ्यांत पुढं होते, इस्त्रीच्या शर्टात.

आबांनी मात्र चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. त्यांनी चाचांना खूण केली. चाचांनी त्यांच्या बाजूचे दोन लूम बंद केले. एवढ्यानंच तिथं बोलण्यापुरती जागा झाली.

“न्हाय ऐकलं,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच, जरा जास्तच मोठा. “ताई, तुमचं न्हाय ऐकलं आन् हिचंबी न्हाय ऐकनार. कायबी ऐकू येत न्हाय मला. आत्याचा मान म्हनून वळलो.”

“काका, मला माहीत नव्हतं,” सोनल म्हणाली. “असू दे. वहिनींच्या मनातलं ठेवू.”

आबांनी ते ओठांवरून वाचलं आणि लेकीकडे वळले. “तुझ्या मनात काय हाय?”

धम्मदिनानं नाव घेतलं, सोनललाही ऐकू गेलं. खेमा.

आबा हसले. पहिल्यांदाच, आल्यापासून. “राखलेलं नाव हाय, ते कुठं पळतंय काय? तुला दुसरी झाली तर हाय. सीहाला झाली तर हाय. मी कुनाच्या नावानं न्हाय राखलं. नाव एखादं शिल्लक असावं मानसाकडं, म्हनून राखलं.”

धम्मदिनाला वाटलं, इतकी वर्षं आपण ज्याच्यावर हक्क सांगत होतो ते आपलं नव्हतंच, आणि तरी ते हातातून गेल्यासारखं दुखलं. तिनं जे खरं होतं ते विचारलं. “मग तिच्या नावात तुम्ही कुठं, आबा?”

ते त्यांना एकदम कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, हळू.

आबांनी शर्टाला चिकटलेला कापूस झटकला. मग म्हणाले, “येडी हायस. ऐकायचं काम माझं व्हतं तवर मी ऐकलं. आता ऐकायचं तिनं. मी हाक मारनार.” आणि सोनलकडे वळून, “ताई, माझ्या म्होरं बोला ते नाव. सावकाश.”

सोनल त्यांच्या समोर आली. तिनं नाव सांगितलं, ओठ नीट उघडून, एकदा, दोनदा. आबांनी स्वतःचे ओठ तसे करून बघितले, आवाज न काढता, जसा एखादा नवीन पाना हातात घेऊन बघावा.

“म्हंजे काय?”

“तेज.”

“कशाचं?”

“कशाचंही, काका.”

त्यांनी मान हलवली. आवडलं की नाही, कळलं नाही. मग लूमच्या रांगांमधून ते चालत परत गेले, पुढच्या दाराकडे, जिथं आजवर गल्लीतल्या आत्या उभ्या राहिल्या होत्या आणि ते कधीच उभे राहिले नव्हते. चाचांनी बंद केलेले दोन्ही लूम पुन्हा चालू केले. धम्मदिना धावत मागच्या दारातून अंगणात गेली. आईच्या हातातून तिनं बाळाला घेतलं. बाळ झोपलं होतं, मुठी हनुवटीखाली.

“काय झालं गो?” शांताबाईंनी विचारलं.

“आबा हाक मारतायत.”

आणि मग ती हाक आली. आबांनी ते नाव सोनलसारखं एका दमात नाही फेकलं. कारखान्यात उभी हयात काढलेल्या माणसानं मारावी तशी हाक मारली, पहिला स्वर लांबवून, शेवटचा त्याहून लांबवून. “त्वीऽऽषाऽऽ.” सोनलच्या मोबाईलमधलं ते नाजूक नाव असं काही रुंद होऊन आलं की धम्मदिनाला ते ओळखू येईना. ते लूमवरून आलं, कापसाच्या तंतूंवरून, मागच्या दारातून, अंगणापर्यंत. आतला एक तरुण विणकर वळून बघू लागला, कोण हरवलं म्हणून.

बाळाच्या भुवया वर गेल्या. डोळे उघडले नाहीत, पण मूठ सुटली, बोटं पसरली, आणि परत मिटली.

“ऐकलंन,” शांताबाई म्हणाली.

मघापासून धम्मदिना मनात या नावाला सासरचं, मोबाईलमधलं, परकं म्हणत होती. आता ते आबांच्या घशातून आलं होतं आणि तिला ठाऊक होतं, की पुढं ही पोर शाळेतून येताना, रिक्षांच्या गर्दीत नाका ओलांडताना, गच्चीवरून वाकताना, तिला हे नाव असंच ऐकू येणार, याच लांबीचं. राहनाळच्या घरी सगळे त्विषा म्हणतील. ते नाव वेगळं, आणि हे वेगळं.

सोनल आतून आली. तिचे डोळे ओले होते आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.

“वहिनी, खरंच चालेल? नाहीतर मी खेमाच सांगते कानात, मला काही वाटणार नाही.”

“हेच सांगा,” धम्मदिना म्हणाली. “पण जसं आबांनी मारलं तसं सांगा.”

“कानात? एवढ्या जोरात?”

“पाळणा मोडंल,” शांताबाई म्हणाली.

दारातून बघितलं तर पलीकडे, कारखान्याच्या पुढच्या टोकाला, आबा उभे होते, उजेडाकडे पाठ केलेली त्यांची आकृती. त्यांना काहीच कळत नव्हतं. ना स्वतःची हाक, ना तिचं काय झालं. त्यांनी दोन्ही तळहात पुढं करून विचारलं, पोचली का.

सलामतचाचांनी आपल्या लूमवरून हात उंच केला. धम्मदिनानंही केला, बाळ दुसऱ्या हातावर सांभाळत.

आबांनी मान डोलावली. शर्टाची कॉलर नीट केली. मग छाती भरून घेतली आणि पुन्हा हाक मारली, पहिल्यापेक्षा लांब.